घरच्या वायफायवरून लॅपटॉपचा बॅकअप : शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी



आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. सुरुवातीला एक छोटा प्रश्न. तुमचा लॅपटॉप आज रात्री बंद पडला आणि उद्या सकाळी उघडलाच नाही, तर काय काय जाईल? मनातल्या मनात नको, कागद घ्या आणि लिहून काढा.

माझी यादी सांगते. चार वर्गांचे वार्षिक नियोजन. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या नोंदी. वर्णनात्मक नोंदींची फाइल, जी दरवर्षी थोडी थोडी सुधारत आणली आहे. प्रश्नपत्रिका. शिष्यवृत्तीचे सराव संच. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ. आणि २०१४ पासून पहिलीच्या प्रत्येक वर्गाचे वाचनाचे आवाज. मूल जूनमध्ये कसं वाचत होतं आणि मार्चमध्ये कसं वाचतं, ते पालकांना ऐकवायला मी ते रेकॉर्ड करते.

आता या यादीवर दोन खुणा करा. जे पुन्हा तयार करता येईल त्यावर गोल आणि जे कधीच पुन्हा मिळणार नाही त्यावर फुली. प्रश्नपत्रिकेवर गोल येईल, चार रात्री जागून ती परत काढता येते. मुलांच्या आवाजावर फुली. आज दहावीत असलेला मुलगा सहा वर्षांच्या आवाजात परत वाचून दाखवणार नाही. हा सगळा पाठ त्या फुल्यांसाठी आहे.

आपण बॅकअप का घेत नाही?

माहीत नसतं म्हणून नाही. बॅकअप घ्यावा हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेन ड्राइव्ह शोधायचा, तो लावायचा, कोणत्या फाइल नवीन आहेत ते आठवायचं, कॉपी करायचं. शाळेतून आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, त्यात हे कोण करणार? आमच्या केंद्रातल्या एका बाईंचा लॅपटॉप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. १ मेला निकाल. त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह होता, त्यात बॅकअपही होता, पण तो दिवाळीच्या सुट्टीतला. दुसऱ्या सत्राचं सगळं त्यांनी हजेरीवरून आणि उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरलं. आम्ही तिघीजणी मदतीला बसलो होतो. त्या बाई निष्काळजी मुळीच नव्हत्या. माणसाच्या आठवणीवर सोपवलेलं काम सहा महिने मागे पडतं, एवढंच.

म्हणून काम आठवणीवर सोपवायचंच नाही. लॅपटॉप घरात आला, वायफायला जोडला गेला, की त्याने स्वतःहून आपली नक्कल दुसरीकडे ठेवायची. वायर नाही, पेन ड्राइव्ह नाही. हे आपल्या घरात, आहे त्या सामानात होऊ शकतं.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

हा मुद्दा आधी नीट समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मी घरात हे सुरू केलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "अगं, एवढं सगळं पाठवलंस तर नेटचा पॅक संपेल की!" प्रश्न अगदी योग्य होता.

घरातला राउटर दोन कामं करतो. एक, बाहेरून येणारं इंटरनेट घरात वाटतो. दोन, घरातली उपकरणं एकमेकांना जोडतो. दुसऱ्या कामाला इंटरनेट लागतच नाही. स्वयंपाकघरातून माजघरात डबा न्यायला आपण एसटीचं तिकीट काढत नाही, तसंच. लॅपटॉपवरची फाइल त्याच घरातल्या दुसऱ्या संगणकावर जाते तेव्हा ती राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळते, घराबाहेर पडत नाही. पॅक एक थेंबही कमी होत नाही. इंटरनेट बंद असलं तरी राउटरला वीज असेल तर काम चालू राहतं.

"मग गूगल ड्राइव्ह आहेच की," असं कुणी म्हणेल. आहे, आणि जरूर वापरा. पण तिथे फुकट मिळते ती १५ जीबी जागा, तीही ईमेल आणि फोटो धरून. एका स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ती भरते.

नक्कल ठेवायची कुठे?

घरात तीन जागा असू शकतात.

१) जुना संगणक. बऱ्याच घरांत कोपऱ्यात एक डेस्कटॉप असतो. मुलांनी गेम खेळून सोडून दिलेला, वर कापड टाकलेला. चालू होत असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर तो या कामाला पुरतो. मी हेच केलं आहे.

२) राउटरला लावलेली हार्ड डिस्क. काही राउटरच्या मागे यूएसबीची खाच असते. तिथे डिस्क लावली की ती घरातल्या सगळ्यांना दिसते. मात्र कंपनीने फायबरच्या जोडणीबरोबर दिलेल्या प्रत्येक राउटरमध्ये ही सोय असतेच असं नाही. मागे वळून बघा.

३) नॅस नावाची पेटी. म्हणजे फक्त फाइल सांभाळण्यासाठी बनवलेला छोटा संगणक. चांगली गोष्ट आहे, पण महाग आहे. एका लॅपटॉपसाठी गरज नाही.

चला, करून पाहू

विंडोजमध्ये 'फाइल हिस्ट्री' नावाची सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. जुना संगणकही विंडोजचाच आहे असं धरून पायऱ्या सांगते.

जुन्या संगणकावर :

१) बॅकअपसाठी एक वेगळा यूजर तयार करा, त्याला पासवर्ड द्या. घरातला रोजचा यूजर वापरू नका. कारण पुढे येईल.

२) ज्या डिस्कवर जागा आहे तिथे एक फोल्डर करा. नाव साधं ठेवा.

३) फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. तिथे फक्त त्या नव्या यूजरला 'रीड-राइट' परवानगी द्या. 'एव्हरीवन' निवडू नका.

४) वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का बघा. 'पब्लिक' असेल तर दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत. निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते.

लॅपटॉपवर :

५) कंट्रोल पॅनल उघडा, त्यात फाइल हिस्ट्री. 'सिलेक्ट ड्राइव्ह' आणि मग 'अॅड नेटवर्क लोकेशन'.

६) पत्ता द्या. दोन उलट्या तिरक्या रेघा, जुन्या संगणकाचं नाव, पुन्हा एक उलटी तिरकी रेघ, फोल्डरचं नाव. यूजर आणि पासवर्ड विचारेल, तो पहिल्या पायरीतला द्या.

७) 'टर्न ऑन' करा. झालं.

यानंतर ठरावीक वेळाने, आपण काही बदललं नाही तर दर तासाला, बदललेल्या फाइलची नवी प्रत तिकडे जाते. जुनी प्रतही राहते. त्यामुळे मंगळवारी बिघडलेली निकालाची फाइल सोमवारच्या रूपात परत मिळते. जुना संगणक दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. आमच्याकडे तो रात्री जेवणाच्या वेळी तासदोन तास चालू असतो. तो बंद असतो तेव्हा लॅपटॉप वाट बघतो आणि दिसला की राहिलेलं काम उरकतो.

मॅक वापरणाऱ्यांना 'टाइम मशीन' आहे, २००७ पासून. तेही नेटवर्कवरच्या डिस्कवर चालतं. शेवटच्या २४ तासांच्या तासातासाच्या प्रती, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती ते ठेवतं.

एक महत्त्वाची सूचना. फाइल हिस्ट्री फक्त ठरावीक फोल्डर सांभाळते, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डेस्कटॉप वगैरे. आपल्याकडे पद्धत अशी की शाळेचं सगळं डी ड्राइव्हवर 'शाळा' नावाच्या फोल्डरात. ते आपोआप जात नाही! त्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो लायब्ररीत सामील करा, मगच तो बॅकअपमध्ये येतो.

आणि फॉन्ट. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर नुसती फाइल वाचवून उपयोग नाही. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या फॉन्टच्या फाइलही 'शाळा' फोल्डरात ठेवा. जमेल तसं जुनं साहित्य युनिकोडमध्ये आणा.

पहिल्या दिवशी किती वेळ लागेल?

हे गणित मी सातवीच्या मुलांना घालते, तुम्हीही घाला.

इंटरनेटवाला म्हणतो १०० एमबीपीएस. यातला बी म्हणजे बिट. फाइलचा आकार मोजतात बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. हे फक्त एकक समजण्यासाठी सांगितलं. घरातल्या घरात जाणाऱ्या फाइलचा वेग तुमच्या पॅकवर ठरत नाही. राउटर, लॅपटॉप आणि मधल्या भिंती यांवर ठरतो.

समजा ८० जीबी सामान आहे. राउटरजवळ बसून सेकंदाला १० मेगाबाइटचा वेग मिळाला, तर ८०,००० भागिले १० म्हणजे ८,००० सेकंद. साधारण सव्वादोन तास. दोन भिंतींपलीकडे बसलात आणि वेग ३ मेगाबाइटवर आला, तर तेच काम साडेसात तासांच्या आसपास जातं. पण हे फक्त पहिल्यांदा. पुढे रोज २०० मेगाबाइट बदललं, तर त्या कमी वेगानेही सव्वा मिनिटाच्या आत काम होतं.

म्हणून पहिल्या दिवशी लॅपटॉप चार्जरला लावा, झोपी जाणार नाही असं सेटिंग करा आणि राउटरच्या खोलीत ठेवा. राउटर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय देत असेल तर ते निवडा. जवळून ते वेगवान असतं. २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय हळू चालतं, पण भिंतींतून लांब पोचतं. आमच्याकडे जाड दगडी भिंती आहेत, तिथे हा फरक स्पष्ट कळतो. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

याचा उपयोग कधी होतो?

चौथीच्या मुलांनी एका वर्षी परिसर अभ्यासाचा प्रकल्प केला होता. आपापल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायच्या. अकरा आज्या मिळाल्या. एका आजीने तर चाळीस मिनिटं म्हटल्या, मध्येच खोकत, मध्येच नातवाला रागे भरत. मी सगळ्या फाइल लॅपटॉपवर नावानिशी लावल्या.

२०२१ मध्ये त्या आजी कोरोनात गेल्या. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवली. नवी डिस्क बसवली, घरी आणली, जुन्या डेस्कटॉपवरून रात्रभरात सगळं परत उतरवलं. काम संपलं म्हणून मी विसरूनही गेले.

दिवाळीनंतर तो नातू आला. आता आठवीत होता. वडील बाहेर मोटरसायकलवर थांबले होते. म्हणाला, "बाई, आज्जीचं वर्षश्राद्ध गेल्या साली नीट झालं न्हाई. आवंदा समदी जमणार हाईत. ते ओव्यांचं अजून हाय का तुमच्याकडं?" त्याच्या घरातल्या मोबाइलवरून ते केव्हाच पुसलं गेलं होतं. मी त्याच्यासमोर फाइल उघडली. खोकला आला, ओवी आली, मग "अरं गप की रं, पोरा" आलं. तो गप्प बसून ऐकत होता. मग बाहेर जाऊन वडिलांना आत घेऊन आला.

त्या घरात आजीचा दुसरा आवाज नाही. एवढंच सांगायचं होतं. बाकी तांत्रिक आहे.

तीन धोके

पहिला धोका : व्हायरस. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तो फाइलना कुलूप लावून पैसे मागत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामही त्याने अडवलं. तो पसरला तो विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या एका जुन्या पद्धतीतल्या खिंडारातून. खिंडार बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. यातून तीन गोष्टी शिकायच्या. अपडेट टाळू नका. शेअर केलेला फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवू नका, म्हणूनच तो वेगळा यूजर आणि पासवर्ड. आणि नेटवर्कवरून लॅपटॉप जिथे पोचतो तिथे व्हायरसही पोचू शकतो, म्हणून एक प्रत अशी हवी जी कशालाच जोडलेली नाही.

दुसरा धोका : सिंक म्हणजेच बॅकअप असं समजणं. दोन ठिकाणी एकसारखं ठेवणारी बरीच अॅप आहेत. इकडे पुसलं की तिकडेही पुसतात. फळ्यावरचं आणि वहीतलं एकाच डस्टरने जात असेल, तर वहीचा काय उपयोग? काही अॅप पुसलेलं काही दिवस ठेवतात, पण त्यावर विसंबू नका. बॅकअपमध्ये जुन्या प्रती राहिल्या पाहिजेत.

तिसरा धोका आम्हा सांगलीकरांना शिकवायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातल्या कित्येक घरांत लॅपटॉप, डेस्कटॉप, बॅकअपची डिस्क आणि कागदी फाइली एकाच खोलीत होत्या आणि एकाच रात्री भिजल्या. घरातली नक्कल डिस्क बिघडण्यापासून वाचवते. पुरापासून, आगीपासून, चोरीपासून वाचवत नाही.

म्हणून जगभर ३-२-१ असा साधा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत एका डिस्कवर जतला, माझ्या माहेरी, आईच्या कपाटात असते. दिवाळीत आणि मे महिन्यात गेले की ती ताजी करते. जतला दुष्काळाची भीती असेल, पुराची नाही!

हा विचार काही संगणकवाल्यांचा शोध नाही. तुकोबांच्या गाथेची गोष्ट आपण शाळेत सांगतो. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या, असं परंपरा मानते. पण त्याचबरोबर अभंग लोकांच्या मुखात होते आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी ते उतरवून ठेवले होते, हेही आपण सांगतो. एकाच ठिकाणी असलेलं नदी नेऊ शकते. चार जणांकडे असलेलं नेणं तिला अवघड जातं.

परत मिळतं का, ते बघा

'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तुमच्या मुलांनी पाहिला असेल. १९९८ मध्ये तो तयार होत असताना पिक्सारच्या संगणकावर चुकून एक आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. वाचले कसे? गॅलिन सस्मन या तांत्रिक प्रमुखांना नुकतंच बाळ झालं होतं, त्यामुळे त्या घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळावा तसा ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीने ऑफिसला नेला. घरी ठेवलेल्या एका प्रतीवर सगळा चित्रपट परत उभा राहिला.

आपण नशिबावर राहायचं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, मी दुपारी एक काम करते. बॅकअपमधून कोणतीही एक फाइल काढते आणि उघडून बघते. आवाजाची असेल तर ऐकते. पाच मिनिटं लागतात. फोल्डरमध्ये थेट गेलात तर फाइलच्या नावापुढे तारीख, वेळ आणि यूटीसी अशी अक्षरं दिसतील. घाबरू नका. ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. हाही भूगोलाचा छान पाठ होतो.

मुलांच्या माहितीबद्दल

आपल्या लॅपटॉपवर मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे फोन आणि फोटो असतात. जेवढ्या प्रती वाढतात तेवढी जबाबदारीही वाढते. घराबाहेर ठेवायच्या डिस्कला पासवर्डचं कुलूप असू द्या आणि तो पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. जुना संगणक किंवा डिस्क भंगारात देण्याआधी ती पूर्ण पुसून घ्या. शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या याद्या घरी कायम ठेवायची गरज नसते. जे शाळेच्या दप्तरी आहे ते तिथेच राहू द्या.

आजचा गृहपाठ

१) सुरुवातीला सांगितलेली यादी करा, फुल्या मारा.
२) फुली मारलेलं सगळं एका फोल्डरात आणा.
३) राउटरच्या मागे यूएसबीची खाच आहे का, घरात जुना संगणक आहे का, ते बघा.
४) या रविवारी वरच्या सात पायऱ्या करा. पालकहो, आठवीनववीतलं मूल घरात असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, त्याला दहा मिनिटांत जमेल.
५) सोमवारी एक फाइल परत काढून उघडून बघा.

कुठे अडलात तर शाळेतल्या ज्या सहकाऱ्याला जमलं आहे त्याला घरी चहाला बोलावा. समोर बसून केलं की पटकन होतं. आणि तुमचं झालं की शेजारच्या बाईंचंही करून द्या, निकालाच्या आधी.